लाकूड पितं तोवर

आमच्या घरात तेलाला माणसासारखा मान होता. तेल म्हणजे तिळाचं. तंजावरात त्याला आम्हीही तमिळांसारखं नल्लेण्णै म्हणतो, म्हणजे चांगलं तेल. बाकीची सगळी तेलं मग आपोआप वाईट ठरतात. शुक्रवारी बायकांनी आणि शनिवारी पुरुषांनी डोक्याला तेल थापून, शिकेकाईनं न्हायचं, हा नेम आईनं आमच्या तापातसुद्धा मोडू दिला नाही. ती पितळी वाटीत तेल कोमट करायची, त्यात दोन-चार मिरे टाकायची, आणि ते तडतडले की वाटी घेऊन आमच्या मागे लागायची. तिचा तळवा टाळूवर पडला की डोळे आपोआप मिटत. आज या वयात मला कुणी विचारलं की लहानपण म्हणजे काय, तर मी तो तळवा सांगेन, दुसरं काही नाही.

तेल फक्त माणसांनाच नव्हतं. नवं लाकूड घरात आलं की त्याला पहिलं तेल घरातल्या बाईनं लावायचं, हा आईच्या माहेरचा रिवाज. पोळपाट, पाट, उखळ, पाळणा, काहीही असो. बिन-तेलाचं लाकूड घर धरत नाही, म्हणायची. आमचा पोळपाट तिच्या आईनं तेल लावून दिलेला होता आणि तो इतका काळा, इतका गुळगुळीत झाला होता की त्याच्यावर पोळी आपणहून फिरे. याची फुशारकी ती गल्लीभर मिरवत असे. हा रिवाज मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच आलं.

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. घर कसलं, एकामागे एक तीन खोल्या, मधे विहिरीपुरतं उघडं आकाश आणि दाराशी बसायला दगडी ओटा. शेजारीपाजारी निम्मे आमच्यासारखे मराठी, निम्मे तमिळ, आणि भांडताना सगळेच तमिळ. पहाटे देवळातलं नागस्वर, मग दुधवाल्याची सायकल, मग आईच्या हातचं कॉफीच्या बियांचं यंत्र खरखरू लागे. ते थांबलं की अप्पा उठत. अप्पा, म्हणजे माझे वडील, पापनाशमच्या तालुका कचेरीत कारकून होते. रोज सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळच्या गाडीनं यायचे, आणि मधल्या वेळात तमिळ अर्जांचं इंग्रजी आणि इंग्रजी हुकमांचं तमिळ करायचे. घरी आल्यावर मात्र कुठल्याच भाषेत फारसं बोलायचे नाहीत. टंबळरमधली कॉफी फुंकून प्यायचे आणि भिंतीकडे बघायचे.

आणि अण्णा. माझा थोरला भाऊ. बी.एस्सी. होऊन घरी बसला होता, असं लोक म्हणत. पण तो बसलेला मी कधी पाहिला नाही, तो सदा ओणवाच असायचा. मागच्या खोलीत खिडकीशी जमिनीवर ओणवा होऊन तो नेट्टी कापत असे. नेट्टी म्हणजे तळ्याकाठच्या झुडपाचं पांढरं भेंड. महाराष्ट्रात बाशिंगं करतात तेच. आमच्या गावात त्याची देवळं करून काचेच्या पेटीत विकतात, नव्या बिऱ्हाडाच्या दिवाणखान्यात असं एक पांढरं देऊळ टीव्हीवर ठेवलेलं असतंच असतं. अण्णाला त्या देवळांची चीड होती. दिसायला देऊळ, मापाला काहीही. "अदमासानं केलं ते खेळणं," म्हणायचा. त्याला प्रत्येक खांब, प्रत्येक पायरी शंभरास एक अशा बरोबर मापात हवी असे, आणि एखादी कमान केसभर चुकली की पूर्ण झालेली बाजू तो शांतपणे उपटून टाके. आई म्हणे, याला बायको मिळाली तर तीही मापानंच करून घ्यावी लागेल.

त्या वर्षी त्यानं ओरत्तनाडूचं छत्र करायला घेतलं होतं. मराठा राज्याच्या काळात बांधलेली ती धर्मशाळा. तिच्या एका बाजूला दगडी घोडे आणि हत्ती असे जुंपलेत की सगळी इमारतच रथ होऊन निघाल्यासारखी वाटते. रविवारी आम्ही दोघं बसनं तिकडे जायचो. टेपचं एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. लोक विचारायचे, सर्वे-आ? जागा सरकार घेणार-आ? अण्णा हो म्हणून टाकायचा, म्हणजे मग ते लांब राहायचे. दुपारी खांबाच्या सावलीत आईनं बांधून दिलेला दहीभात आणि लिंबाचं लोणचं खायचं आणि परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी डोकं टेकून झोपायचा. त्याच्या केसांच्या तेलाचा डाग त्या बसच्या खिडकीला अजून असेल.

तळ माझा होता. मॉडेल ज्याच्यावर उभं राहतं त्या लाकडी पाटाला आम्ही तळ म्हणायचो आणि तो घडवणं अण्णानं माझ्याकडे सोपवलं होतं. लाड म्हणून नव्हे, मला ते त्याच्यापेक्षा चांगलं जमायचं म्हणून. वीणा करणाऱ्यांच्या गल्लीतून फणसाच्या लाकडाचे उरलेले तुकडे मिळत. फणसाचं लाकूड ताजं कापलेलं हळदीसारखं पिवळं असतं आणि उजेडात ठेवलं की हळूहळू तांबूस होत जातं. सुतार रंधा मारून द्यायचा, पुढचं सगळं माझं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक. मग ओल्या फडक्यानं एकदा पुसायचं. पुसलं की लाकडाची बसलेली लव पुन्हा उभी राहते, ती वाळल्यावर परत घासायची. मग सीलर, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणारा पातळ लेप. पहिला हात लाकूड घटाघट पितं, विशेषतः कापलेल्या कडा. डोळ्यांदेखत ओलं कोरडं होतं. वाळवायचं, घासायचं, पुन्हा हात. वरून द्यायचं तसंच खालूनही द्यायचं, कारण एकीकडून बंद आणि दुसरीकडून उघडं राहिलं तर पाट पावसाळ्यात पुरीसारखा फुगतो. किती हात द्यायचे असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा अण्णा हसला होता. "मोजायचं नाही. लाकूड पितं तोवर देत राहायचं. थांबलं की तुजला कळतं." आणि खरंच कळायचं. एका हाताला ते ओलं ओलंच राहायचं, आत घ्यायचं नाही, चकाकायचं. मग वार्निश.

मी ही सगळी कृती इतकी रंगवून का सांगते आहे? पुण्यातल्या माझ्या घरात फर्निचर कारखान्यातून येतं, सुनेनं एकदा फडक्यानं पुसलं की संपलं. माझ्या हातांना ते काम अजून येतं आणि त्याला करायला काही नाही. म्हातारपणी असंच होतं म्हणतात.

छत्राचं मॉडेल कुणासाठी होतं ते सांगायला हवं. मद्रासचे एक गृहस्थ होते. मोठमोठ्या आर्किटेक्टांना इमारतींची मॉडेलं करून देण्याचा त्यांचा कारखाना होता. गावातल्या एका प्रदर्शनात अण्णाचा एक लहानसा मंडप पाहून ते घरी आले होते. त्यांनी मंडप उलटा केला, तळाची खालची बाजू बोटानं चाचपली आणि मान हलवली. माझ्या आयुष्यात माझ्या कामाला इतकी दाद पुन्हा मिळाली नाही. म्हणाले, असं मोठं काम एक करून ठेव, कार्तिकात भाचीच्या लग्नाला येईन तेव्हा बघतो. पटलं तर माझ्याबरोबरच चल मद्रासला. अण्णा त्या रात्री जेवला नाही. अप्पा म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. कचेरीत एक जागा होते आहे, मी साहेबांस सांगून ठेवलं आहे." मग बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाले, "सरी, बरं. कार्तिकापर्यंत थांबतो. त्यास पसंत पडलं तर जा. नाही पडलं तर माझ्याबरोबर गाडीत बस." अप्पांच्या मानानं हा फार मोठा सौदा होता. आईनं त्याच दिवशी देवाजवळ दिवा लावून ठेवला आणि कार्तिकापर्यंत तो विझू दिला नाही.

दिवाळी आली तेव्हा छत्राचे भाग तयार होते आणि तळ घासून, लव बसवून, सीलरची वाट बघत भिंतीशी टेकून उभा होता. माझ्या हातचा तो सर्वांत मोठा तळ होता. सण झाल्यावर पहिला हात द्यायचा असं मी ठरवलं होतं. आमच्याकडे दिवाळीचं अभ्यंग पहाटे, उजाडायच्या आत. आई आम्हांला एकेक करून पाटावर बसवायची. आधी अप्पा, मग अण्णा, मग मी. तेलात विड्याचं पान, मिरे. बोटानं तीन ठिपके जमिनीवर, मग टाळूवर तेलाचा तळवा, आणि तोंडानं पुटपुटत काहीतरी आशीर्वाद, जो तिच्या सासूलाही कळला नव्हता आणि आम्हांलाही. न्हाऊन आलं की काळ्या, तिखट लेहियमची, म्हणजे दिवाळीच्या औषधी चाटणाची, गोळी जिभेवर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत फटाका नाही. त्या पहाटे अण्णाच्या डोक्यावर तिचा हात फार वेळ राहिला. मी कुरकुरले, "आई, मजला उरेल का काही?" ती म्हणाली, "त्यास लांब जायचं आहे, कमळे. तू तर इथेच हायेस."

मी न्हायला विहिरीवर गेले. वाटीत तेल उरलं होतं. आईनं ते वाया घालवलं नाही. आई कधीच काही वाया घालवत नसे. मागच्या खोलीत नवं लाकूड उभं होतं, आणि तिच्या लेकाला ते मद्रासला नेणार होतं. तिनं त्याला तेल लावलं. दोन्ही बाजूंनी, कडांना, पोळपाटाला लावते तसं मुरवून मुरवून, आणि वरून कोरड्या फडक्यानं पुसून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. पोळपाटाला तेल लावलं हे कोण सांगत बसतं?

सण उलटल्यावर मी सीलर घेऊन बसले तेव्हा लाकूड थोडं तांबूस दिसलं. फणस रंग बदलतोच. हात लावला तर रेशमासारखं लागलं. मला वाटलं, माझा हात बसला. पहिला हात दिला आणि ते जवळजवळ प्यायलंच नाही. दुसऱ्या हाताला तर ओलं ओलंच राहिलं, चकाकलं. मी अण्णाला हाक मारून दाखवलं. "किती घट्ट लाकूड मिळालं बघ. थांबलं-तान!" त्यानं वाकून बघितलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. ज्या खुणेवर आम्ही विसंबून होतो तीच खूण आम्हांला हसत हसत खोटं सांगत होती. मी यावर खूप विचार केला आहे. आमच्याकडून काही चुकलं का? नाही. खूण तीच होती, लाकूड पोटभर प्यालेलंच होतं. फक्त काय प्यालं होतं ते आम्हांला ठाऊक नव्हतं.

वार्निश वाळायला वेळ लागला, पण ऐप्पसी महिन्याचा, म्हणजे दिवाळीच्या दिवसांतला, आमचा पाऊस असाच, भिंतीसुद्धा घामेजतात. त्याच्यावर ढकलून आम्ही मोकळे झालो. मग अण्णानं तळाला बारीक भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात एकेक खांब उभा केला. गोंद पुढे पिवळा पडतो म्हणून त्यानं तो जवळजवळ वापरलाच नाही. खांब नुसत्या मापावर घट्ट बसले होते. वर छत, पुढे घोडे, हत्ती. ते शेवटचे दिवस घर कसं श्वास धरून होतं. आई भांडी आपटेना, अप्पा ओट्यावर जाऊन खोकत. पूर्ण झालं तेव्हा अण्णानं आत एक लहान विजेचा दिवा लावून दाखवला आणि पांढऱ्या खांबांमधून उजेड असा पाझरला की अप्पा पायातल्या चपला न काढताच खोलीत आले. "घोडे बरोबर," एवढंच म्हणाले. आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, काचेची पेटी बसल्यावर तिच्यावर स्वतःचं एक धुतलेलं लुगडं पांघरलं आणि पाहुणे येईपर्यंत उघडायचं नाही म्हणून सगळ्यांना बजावलं. अण्णानं आतला दिवा तसाच लावून ठेवला. नेट्टीला दमट हवेनं बुरशी धरते, ऊब असलेली बरी. पाऊस लागून होता. लुगड्याखाली तो दिवा जळत राहिला.

पाहुणे आले त्या दिवशी आईनं रसवांगी केली होती, डांगराची पचडी, पुरणपोळी. ते ओली छत्री ओट्यावर ठेवून आत आले आणि कॉफीही न घेता म्हणाले, आधी काम बघू. अण्णानं लुगडं उचललं.

तेल वर चढलं होतं. भोकांतून ते लाकडातून भेंडात गेलं होतं. भेंडासारखं पिणारं दुसरं काही नाही, आणि आतल्या दिव्यानं त्याला ऊब दिली होती. प्रत्येक खांब खालून निम्म्यापर्यंत पिवळट आणि पारदर्शक झाला होता, भजी बांधलेल्या कागदासारखा. घोड्यांचे पाय, हत्तींची पोटं. काही ठिकाणी डाग छताला टेकला होता. खांबांच्या बुडाशी वार्निश सुटून त्याचे फुगे आले होते. पाहुण्यांनी काच काढायला लावली, तळाला बोट टेकलं, ते चिकटलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं. "नल्लेण्णै," ते म्हणाले आणि पुढे तमिळमध्ये विचारलं, "हा बेस कुणी केला?"

मी तोंड उघडलं होतं. त्याआधी आई स्वयंपाकघराच्या दारातून बोलली. हातात पळी तशीच. "मी लावलं तेल. दिवाळीस. नवं लाकूड होतं म्हणून. पोरांस काही ठाऊक नाही, त्यांचं काही चुकलं नाही, त्यांस सांगा हो." हे सगळं मराठीत. तिला तमिळ उत्तम येत असे, भाजीवाल्याशी ती माझ्यापेक्षा सरस तमिळ भांडे. पण त्या वेळी तिच्या तोंडातून मराठीच निघालं. पाहुण्यांना एक अक्षर कळलं नाही. ते अप्पांकडे बघू लागले. जन्मभर याचं त्याचं भाषांतर केलेले माझे वडील जमिनीकडे बघत उभे राहिले. आणि अण्णा तमिळमध्ये म्हणाला, "माझी चूक झाली सर. दिवाळीच्या तेलाच्या हातांनी काम केलं. लक्ष नव्हतं."

तो याहून वाईट काही सांगूच शकला नसता. ज्याला शंभरास एक माप केसभर चुकलेलं चालत नाही त्यानं, तेलकट हातांनी काम करतो म्हणून स्वतःची ओळख करून दिली. पाहुणे भले होते. म्हणाले, हात चांगला आहे, पण लक्ष नसलेला हात माझ्या उपयोगाचा नाही; पुन्हा एक कर, नीट कर, आणि घेऊन ये. मग ते जेवले. रसवांगी दोनदा मागून घेतली. आईनं पोळीवर तूप वाढलं तेव्हा तिची धार जराही हलली नाही, हे मला अजून दिसतं. त्यांची छत्री गल्लीच्या वळणावर गेली आणि ती चुलीपुढे मटकन खाली बसली.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणावर रागवायचं? कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. अण्णानं कपाळावर आठीसुद्धा आणली नाही. त्यानं आईला हाताला धरून उठवलं आणि म्हणाला, "पोदुम आई, पुरे. मजलाच कंटाळा आला होता त्याचा. सुटलो." तो हे इतक्या सहज म्हणाला की मी क्षणभर खरं मानलं. आईनं मानलं नाही. नंतर कितीतरी दिवस ती त्याच्या पाठीमागून फिरे. "दुसरं कर, कण्णा, बाळा. मी त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. तेलाची वाटी माझ्या आईच्या घरी नेऊन ठेवते. कर रे." तो म्हणे, सरी, करतो. आणि मार्गळी, म्हणजे धनुर्मास, लागली तेव्हा अप्पांच्या डब्याशेजारी आईनं आणखी एक डबा भरला आणि दोघं सकाळच्या गाडीला गेले. उरलेली नेट्टी त्यानं शेजारच्या पोरांना पोहायला शिकताना कमरेला बांधायला देऊन टाकली. छत्र तसंच राहिलं. त्याचा दिवा बंद केला होता, तरी तेल हळूहळू चढतच होतं. पोंगलपर्यंत कळससुद्धा पिवळे झाले.

त्यानं पुन्हा का केलं नाही? दार बंद झालं नव्हतं, पाहुण्यांनी स्वतः सांगितलं होतं. मी पुण्याहून दर सुट्टीत जायची तेव्हा एकदा तरी विचारायची आणि तो हसून म्हणायचा, जाऊ दे ग. मला वाटतं, दुसरं छत्र केलं असतं तर पहिलं बिघडलं हे खरं ठरलं असतं, आणि कुणामुळे तेही. न करता राहिलं म्हणजे नुसता कंटाळा. एका खोट्यासाठी त्यानं सगळा जन्म खर्ची घातला, आणि ज्या बाईसाठी घातला तिला ते पहिल्याच मिनिटाला कळलेलं होतं. हे मी देवनागरीत लिहिते आहे, लग्नानंतर शिकलेल्या. अण्णाला ती वाचता येत नाही. बरं आहे.

पुढच्या दिवाळीची पहाट. पाट मांडला, तेल कोमट झालं, मिरे तडतडले. अप्पांनी त्या वर्षापासून आपलं आपणच लावून घेतलं. अण्णा पाटावर बसला, मान खाली घालून, दर वर्षीसारखा. आई वाटी घेऊन त्याच्या मागे उभी राहिली. तिनं तेलात बोटं बुडवली, जमिनीवर तीन ठिपके दिले, आणि तिचा हात वरच राहिला. मी बघत होते. तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. "कमळे," ती म्हणाली, "तू लाव ग." माझा हात पुढे व्हायच्या आत अण्णा उठला. "राहू दे. कचेरीस उशीर होतो," म्हणाला. दिवाळीच्या दिवशी कसली आली कचेरी? तो विहिरीवर गेला आणि त्यानं कोरड्याच डोक्यावर घागर ओतून घेतली.

त्यानंतर आईनं कुणाच्या डोक्याला तेल लावलं नाही. शुक्रवार नाही, शनिवार नाही. माझ्या लग्नात मांडवाच्या दिवशी मला तेल काकूनं लावलं, आई कोपऱ्यात फुलं निवडत बसली. माझी मुलं, अण्णाची मुलं, सगळी तिच्या हाताच्या तेलाशिवाय वाढली. स्वतःच्या केसांनाही तिनं पुन्हा थेंब लावला नाही. तिचे ते दाट केस पुढे पुढे काथ्यासारखे झाले. फोडणीला मात्र चाले. मी एकदा चिडून म्हटलं, "फोडणीस तेल चालतं, पोरांस नाही?" ती म्हणाली, "फोडणी कुठं जायची असते ग लांब." इकडे पुण्यात तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं कुणी हसत म्हणालं की मी उठून आत जाते. त्यांना वाटतं बाईला विनोद कळत नाही.

अण्णा आणि आई शेवटपर्यंत एका घरात राहिले, पापनाशमला. अप्पा गेल्यावर त्यानं तिकडेच बिऱ्हाड केलं. दोघं एकमेकांशी फार गोड बोलत. मी इतकी गोड आणि इतकी दुःखी दोन माणसं दुसरी पाहिली नाहीत.

ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत दुपार झाली होती. तिला मागच्या अंगणात बाकावर निजवलं होतं, न्हाऊ घालायला. आमच्याकडे पोरांनी, नातेवाइकांनी एकेक करून डोक्याला तेल-शिकेकाई लावायची असते. नुसतं बोट टेकवायचं आणि बाजूला व्हायचं. काकूनं तेलाची वाटी अण्णाच्या हातात दिली. "थोरला हायेस, आधी तू." त्यानं बोट बुडवलं नाही. त्यानं तळव्यावर तेल ओतून घेतलं आणि तो तळवा तिच्या टाळूवर ठेवला, जसा ती ठेवायची तसा, आणि चोळू लागला. हळू, मुळापासून टोकाकडे. ते राठ, पांढरे केस तेल आत घेत होते, क्षणभर ओले दिसत आणि पुन्हा कोरडे. त्यानं पुन्हा तळवा भरला. वाटी संपली, त्यानं आत बघून दुसरी मागितली. माणसं खोळंबली होती, भटजी घाई करत होते. काकू म्हणाली, "पोदुम रे. पुरे झालं. बाकीच्यांस लावू दे."

अण्णानं मान वर केली नाही. माझ्याकडे वाटी धरली, मी ती भरून आणावी म्हणून. "थांब काकू," तो म्हणाला. "अजून पिते आहे."